घरपट्टीतली सवलत : कुणाला, कशावर आणि कुठवर?

पुण्यात तिला मिळकतकर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर, नगरपालिकेच्या गावात संकलित कर आणि खेड्यात सरळ घरपट्टी. नाव काहीही असो, बिल हातात आले की आपण सगळे एकच गोष्ट करतो. शेवटचा आकडा पाहतो, ‘यंदाही वाढलेच’ असे म्हणतो आणि भरून टाकतो. नाहीतर ‘बघू मार्चमध्ये’ म्हणून खणात ठेवून देतो. वरच्या दहा-बारा ओळी कुणी वाचत नाही. मी गृहरचना संस्थांच्या हिशेबाची कामे करतो. त्यामुळे अशी बिले माझ्या हाताखालून पुष्कळ जातात. घरमालकाच्या हक्काची सवलत बहुतेक वेळा या न वाचलेल्या ओळींतच हरवलेली असते. ती कुणी हिसकावून घेतलेली नसते. मागितलेली नसते, एवढेच.

सवलती समजून घ्यायच्या तर आधी बिल कसे तयार होते ते पाहावे लागेल. ते काही फार अवघड नाही.

पुण्यात हा कर ठरतो भाड्यावरून. प्रत्यक्ष भाडे येवो न येवो, तुमचे घर भाड्याने दिले असते तर वाजवी भाडे किती आले असते, असा हिशेब करतात. बारा महिन्यांच्या त्या भाड्यातून देखभाल-दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करतात आणि जी रक्कम उरते तिला वार्षिक करपात्र रक्कम म्हणतात. मुंबईने २०१० सालापासून ही भाड्याची पद्धत सोडली आणि घराच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे किमतीवर, कर लावायला सुरुवात केली. ग्रामपंचायतींनाही २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर भांडवली मूल्याचाच आधार आहे. पाया वेगळा, पण पुढची रीत सारखी. या पायाभूत रकमेवर वेगवेगळे कर टक्केवारीने लावले जातात आणि त्यांची बेरीज म्हणजे तुमचे बिल.

हे वेगवेगळे कर कोणते? सर्वसाधारण कर हा त्यातला मोठा. त्याच्या जोडीला पाण्याचा, मलनिस्सारणाचा, रस्त्याचा, अग्निशमनाचा, झाडांचा. शिवाय शिक्षण कर. हा शिक्षण कर राज्य शासनाचा असतो. महापालिका तो फक्त गोळा करून देते. रोजगार हमी करही राज्याचाच, पण तो राहत्या घराला लागत नाही, दुकान-कचेरीसारख्या बिगरनिवासी जागांना लागतो. एखाद्याच्या राहत्या घराच्या बिलात रोजगार हमी कराची रक्कम दिसली, तर नोंद बिगरनिवासी झाली आहे काय, हे ताबडतोब तपासावे. पूर्वी तळमजल्यावर शिकवणीचा वर्ग किंवा दवाखाना असायचा, तो केव्हाच बंद झाला, पण नोंद तशीच राहिली, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. सवलत दोन ठिकाणी बसू शकते. एक तर ती मुळाशी बसते, म्हणजे करपात्र रक्कमच कमी होते. मग वरच्या सगळ्या ओळी आपोआप खाली येतात. किंवा ती एखाद्या फांदीवर बसते, म्हणजे फक्त सर्वसाधारण करात सूट मिळते आणि बाकीच्या ओळी जशाच्या तशा राहतात. ‘दहा टक्के सूट’ अशी जाहिरात वाचून माणूस बिलाच्या दहा टक्के काढून ठेवतो आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळते, याचे कारण हेच. देवळांचेही तसेच आहे. सार्वजनिक पूजेच्या आणि धर्मादाय कामाच्या इमारतींना महापालिका कायद्याने माफी आहे, पण ती सर्वसाधारण कराची. इतर ओळी त्यांनाही असतात. आणि देवळाच्या आवारात भाड्याचे गाळे असतील, तर त्या गाळ्यांना ही माफीही नाही.

मुळाशी बसणाऱ्या सवलतीचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यातले आहे. तिची कथा जरा सविस्तर सांगतो, कारण सवलत कशी जन्मते, कशी जाते आणि परत आली तरी आपल्यापर्यंत का पोहोचत नाही, हे सगळे या एका कथेत आहे.

पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने १९७० साली एक ठराव केला. जो मालक स्वतःच्या घरात स्वतः राहतो, त्याला त्या घरातून भाड्याचे उत्पन्न नाही. मग त्याच्यावर पूर्ण भाडे धरून कर का लावायचा? म्हणून अशा घराच्या करपात्र रकमेत ४० टक्के सवलत द्यायची. त्याच ठरावाने देखभाल-दुरुस्तीची वजावटही कायद्यातल्या १० टक्क्यांऐवजी १५ टक्के केली. जवळजवळ पन्नास वर्षे पुणेकरांना हे मिळत राहिले. इतके, की बहुतेकांना ही सवलत आहे हेच ठाऊक नव्हते. घरपट्टी अशीच असते असे वाटे.

पण ४० टक्क्यांची ही सवलत कायद्याच्या पुस्तकात नव्हती, ठरावात होती. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला. महापालिकेला कर लावण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने मिळतो, त्यामुळे कायद्यात नसलेली सवलत नुसत्या ठरावाने देता येते काय, असा तो प्रश्न. शेवटी २०१९ साली राज्य शासनाने सवलत थांबवली. त्यानंतर ज्या सदनिकांची नव्याने आकारणी झाली, त्यांना पहिले बिलच सवलतीविना आले. ज्यांना पूर्वीपासून सवलत मिळत होती, त्यांच्या डोक्यावर मागच्या फरकाची टांगती तलवार आली. वाद वाढला, २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या कसब्याच्या पोटनिवडणुकीतही हा विषय गाजला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. मागचा फरक वसूल करायचा नाही, असेही ठरले. देखभालीची वजावट मात्र १ एप्रिल २०२३ पासून कायद्याप्रमाणे १० टक्क्यांवर आली.

आकड्यांत सांगतो. समजा, एका सदनिकेचे वाजवी भाडे दरमहा ५,००० रुपये धरले आहे. वर्षाचे झाले ६०,०००. त्यातून १० टक्के, म्हणजे ६,००० वजा. राहिले ५४,०००. मालक स्वतः राहत असेल तर यातले ४० टक्के, म्हणजे २१,६०० आणखी वजा होतात आणि कर लागतो तो ३२,४०० रुपयांवर. एकाच जिन्यातल्या, एकाच मापाच्या दोन सदनिका घ्या. सवलत असलेल्याला सहा हजारांचे बिल येत असेल, तर नसलेल्याला दहा हजारांचे येते. वर्षामागून वर्षे.

आता तुम्ही म्हणाल, निर्णय झाला ना, मग प्रश्न मिटला. तसे नाही. १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना ही सवलत आपोआप लागली नाही. त्यांनी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरून ‘या घरात मी स्वतः राहतो’ हे दाखवायचे होते. त्याला २०२३ च्या नोव्हेंबरची मुदत होती. सर्वेक्षणात ‘भाडेकरू आहे’ अशी नोंद होऊन ज्यांची सवलत काढली गेली होती, त्यांनाही हाच मार्ग होता. अर्जासोबत काय, तर संस्थेचे पत्र, की मालक स्वतः राहतात. आणि मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा गॅसचे पुस्तक यांपैकी राहत्या पत्त्याचा पुरावा. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. बस्स. यात वकील लागत नाही आणि एजंट तर मुळीच लागत नाही.

तरीही अर्ज राहतात. का राहतात, याचा मी थोडा विचार केला आहे. नव्या सदनिका घेणारे बहुतेक तरुण नवरा-बायको. दोघेही नोकरीला. घराचा हप्ता एवढा मोठा, की त्यापुढे घरपट्टी किरकोळ वाटते. मतदार ओळखपत्र गावाकडचे, शिधापत्रिका आई-वडिलांच्या घरची, वाहन परवान्यावर जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता. म्हणजे माणूस चार वर्षे स्वतःच्या घरात राहतो आहे, पण कागदावर तिथे कुणीच राहत नाही. मग पुरावा गोळा करायचा कंटाळा आणि त्या कंटाळ्याची किंमत दर वर्षी भरायची. नव्या घरात कलश ठेवला, की त्याच महिन्यात एक तरी सरकारी कागद त्या पत्त्यावर करून घ्यावा, असे मी आता सगळ्यांना सांगतो.

संस्थेच्या चिटणिसांनीही एक करावे. ‘अमुक सभासद स्वतः राहतात’ हे पत्र मागेल त्याला डोळे मिटून देऊ नये. जागा भाड्याने दिलेली असताना असे पत्र दिले, तर ते खोटे प्रमाणपत्र ठरते आणि त्याखाली सही चिटणिसाची असते. शेजारधर्म वेगळा आणि हे वेगळे.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. मुलगा अमेरिकेत, सदनिका त्याच्या नावावर, आणि तिथे राहतात त्याचे आई-वडील. भाडे अर्थातच नाही. हे ‘स्वतः राहणे’ धरायचे का? माझे म्हणणे असे, की मालक राहतो असे खोटे लिहू नका. आहे तसे लिहा : मालक परगावी, आई-वडील राहतात, भाडे घेतले जात नाही. संस्थेच्या पत्रातही तसेच लिहून घ्या आणि कार्यालयाकडून उत्तर लेखी मागा. तोंडी ‘चालतंय हो काका’ याला पुढे काही आधार राहत नाही. तो सांगणारा बदलून जातो.

मुंबईची तऱ्हा निराळी. तिथे कोण राहतो याला महत्त्व नाही, घर केवढे याला आहे. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटईक्षेत्राच्या निवासी सदनिकांना कर माफ. हे आश्वासन २०१७ च्या महापालिका निवडणुकीत दिले गेले. २०१९ साली माफी आली, पण फक्त सर्वसाधारण कराची. लोकांना वाटले आता बिल येणार नाही, आणि बिल आले. रागावलेल्या माणसांना समजावताना मुळाची आणि फांदीची ती गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावी लागली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये संपूर्ण मालमत्ता करच माफ करण्याचा निर्णय झाला, तो १ जानेवारी २०२२ पासून.

ही माफी चटईक्षेत्रावर आहे, हे लक्षात ठेवावे. करारनाम्यात बिल्डरने बांधीव क्षेत्र लिहिलेले असते, सुपर बिल्टअप तर त्याहूनही फुगलेले. सहाशे-साडेसहाशे फुटांचे म्हणून विकत घेतलेले घर चटईक्षेत्राने पाचशेच्या आत असू शकते. म्हणून आकारणीत आपल्या सदनिकेचे चटईक्षेत्र किती धरले आहे ते पाहावे. उलट, शेजारशेजारच्या दोन छोट्या सदनिका एकत्र करून आकारणीही एकच झाली, तर माप पाचशेच्या वर जाते आणि माफी जाते.

मुंबईत आणखी एक गुंता आहे. पुष्कळ ठिकाणी बिल प्रत्येक सदनिकेच्या नावाने येत नाही, संस्थेच्या नावाने येते आणि संस्था ते सभासदांत वाटते. इमारतीत काही घरे चारशे फुटांची आणि काही आठशेची असतील, तर माफी चारशेवाल्यांचीच आहे. पण संस्थेने एकूण रक्कम सरसकट समान वाटली, तर ज्याला माफी आहे तोही थोडा कर भरत राहतो आणि मोठ्या घराला विनाकारण लाभ होतो. आपल्या मासिक देयकात मालमत्ता कर या सदराखाली किती रक्कम लावली आहे, हे सभासदाने विचारावे. विचारण्यात काही भांडण नाही. आणि मीटरच्या पाण्याचे बिल वेगळे असते; या माफीशी त्याचा संबंध नाही.

ही माफी मुंबई महापालिकेच्या हद्दीतली आहे, हेही सांगायला हवे. खाडी ओलांडली की महापालिका वेगळी आणि नियमही वेगळे. डोंबिवलीच्या नातेवाइकाने मुंबईचा नियम सांगून हक्क मागू नये आणि पुणेकराने आपले ४० टक्के नाशिकला शोधू नयेत.

साऱ्या राज्याला लागू असलेली एक माफी मात्र आहे आणि ती ज्यांची आहे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नाही. माजी सैनिकांची. पूर्वी ती शौर्यपदक मिळालेले आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांच्यापुरती होती. २०२० साली राज्य शासनाने ‘बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना’ या नावाने ती सर्व माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवा पत्नींना दिली, शहरात आणि गावातही. राज्यातल्या एकाच घराला ती मिळते आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला घरटी एक फौजी असलेली गावे आहेत. तिथे घर बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते. मग अर्ज अडतो तो सैनिकाच्या पात्रतेवर नाही, तर घराच्या नोंदीवर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठ मध्ये आपले नाव आणि आपला हिस्सा लागला आहे का, हे आधी पाहावे. विधवा माउलीच्या बाबतीत तर पतीच्या निधनानंतर नावाची नोंद बदलायची राहूनच जाते. दुःखाच्या दिवसांत कुणाला सुचते ते? पण वर्षभरात कुणीतरी जवळच्याने हे काम हाती घ्यावे.

इथे एक गैरसमज दूर करतो. घरपट्टीच्या बिलावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नसते. तसेच अनधिकृत बांधकामावर कर भरला म्हणजे ते अधिकृत झाले, असेही नाही. बिल हा कर वसूल करण्यासाठीचा कागद आहे. सवलतीसाठी मात्र त्यावरचे नाव बरोबर हवे.

बाकीच्या सवलती लहान आहेत, चटकन सांगून टाकतो. ठरलेल्या मुदतीत, वर्षाच्या सुरुवातीलाच बिल भरले तर पुण्यात सर्वसाधारण करात पाच किंवा दहा टक्के सूट मिळते. सौर पाणीतापक, पावसाचे पाणी साठवण्याची व्यवस्था, गांडूळखत प्रकल्प यांपैकी एक असेल तर सर्वसाधारण करात पाच टक्के, दोन किंवा जास्त असतील तर दहा. पण हे प्रकल्प चालू असायला हवेत. गच्चीवरच्या तापकाच्या काचनळ्या फुटलेल्या आणि गांडूळखताच्या खड्ड्यात जुन्या फरश्या, अशा स्थितीत तपासणीला माणूस आला तर सवलत बंद होते, आणि ते योग्यच आहे. पिंपरी-चिंचवडला केवळ स्त्रीच्या नावावर असलेल्या राहत्या घराला आणि दिव्यांग मालकांनाही सर्वसाधारण करात सूट आहे. आपापल्या गावात काय आहे, ते बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले असते. चष्मा लावून वाचावे.

अभय योजना ही सवलत नव्हे, हे मी मुद्दाम वेगळे सांगतो. तिच्यात सूट असते ती थकबाकीवरच्या दंडात, मूळ करात नाही. महापालिकेच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बँकेच्या कर्जालाही एवढे व्याज नसते. ‘कधीतरी अभय योजना येईल’ म्हणून बिल थांबवणारे लोक मला भेटतात. वेळेवर भरणाऱ्या शेजाऱ्याला हे पाहून काय वाटत असेल, हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

याच शास्तीमुळे आणखी एक सावधगिरी. सवलत लागली नाही म्हणून रागाने बिल भरणेच थांबवू नये. अर्जाचा निकाल लागेपर्यंत शास्ती चढतच राहते. हरकत नोंदवावी, ‘हरकत राखून भरत आहे’ असे लेखी द्यावे आणि रक्कम भरावी. पुण्यात ज्यांनी सवलतीविना आलेली बिले भरली होती आणि नंतर मुदतीत अर्ज दिला, त्यांची जास्तीची रक्कम पुढच्या बिलांतून वळती करण्याची सोय झाली. नव्या आकारणीची नोटीस आली तर तिच्यात लिहिलेल्या मुदतीतच हरकत द्यावी. पुढे न्यायालयात अपील करायचे, तरी आधी कराची रक्कम जमा करावी लागते.

शेवटी, सवलत मिळत असताना घर भाड्याने दिले तर काय करायचे? कार्यालयाला कळवायचे. पुष्कळांना हे पटत नाही, ‘कुणाला कळतंय?’ असे म्हणतात. पण आता भाडेकरार नोंदवला जातो, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे जाते, संस्थेच्या वहीत नोंद असते आणि सर्वेक्षणाचा माणूस दारात आला की दार भाडेकरूच उघडतो. मग मागच्या तारखेपासून फरक निघतो. आणि भाडेकरू गेला, आपण पुन्हा राहायला आलो, तर ४० टक्के आपोआप परत येत नाहीत. नवा अर्ज, नवे संस्थेचे पत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि कार्यालयाचा शिक्का असलेली पोच. ती पोच घराच्या करारनाम्याच्याच फायलीत लावून ठेवावी. पुढचे बिल आले की दोन्ही समोर ठेवून करपात्र रकमेची ओळ आधी पाहावी आणि शेवटचा आकडा नंतर.